सुनंदाचा खोकला आणि वस्तीचं रक्त

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की ‘रखमाक्का, तेव्हाच का बोलली नाहीस?’ बोलले होते. ओरडून बोलले होते. पण मी पडले चौथी शिकलेली, त्यात तोंडाची फटकळ. असल्या बाईनं खरं सांगितलं तरी लोकांना ते भांडणच वाटतं.

पुण्याची माणसं आमच्या वस्तीत रक्त न्यायला आली आणि तेव्हापासून किस्से नुसते साठत गेले. एक सांगून होतोय तोवर दुसरा घडलेला. नळावर बायका सांगतात, खाणीवर गडी सांगतात, आणि जो तो आपल्या पदरचं मीठ घालतो. मी बिनमिठाचं सांगते. फक्त आमच्या समाजाचं नाव लिहीत नाही. नावानं काय होतं ते लोणंदच्या किश्श्यात कळेल. सांगलीच्या बाहेर, खाणीच्या वाटेला आमची वस्ती, आणि आजा-पणज्यापासून दगड फोडणं हा धंदा, एवढं पुरे.

* * *

आमच्यात खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. दगड फोडणारा माणूस खोकणारच. सकाळी उठला, खोकला, चहा प्याला, कामाला गेला. त्याला ‘दगडाचा खोकला’ असं नाव आहे आणि नाव दिलं की विषय संपला!

सुनंदा माझ्या धाकट्या भावाची, दगडूची मुलगी. तीच माझी सून. आमच्यात मामाची मुलगी करायची रीत, म्हणून माझ्या संतोषला भाचीच करून घेतली. ती अजून मला आत्याच म्हणते. संतोष महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, सीझनमध्ये तिकडंच असतो. घरात मी, मालक, सुनंदा आणि तिची परी. परी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

सुनंदा खोकायला लागली. मी म्हटलं, हे बरं लक्षण नाही.

मालक म्हणाले, “दगडाचा आसंल.”

“ती खाणीवर कवा गेली? आयुष्यात घण उचलला न्हाई पोरीनं!”

मग दगडू म्हणाला, “हळदीचा हाय, आक्का.” सुनंदा सांगलीत एका व्यापाऱ्याकडं हळद निवडायला जायची. त्या गोदामात धूळ असते, हे खरं. औषधाच्या दुकानदारानं पण मान हलवली आणि लाल औषधाची बाटली दिली. मी एकटी म्हणत होते, “पोरगी वाळत चाललीया. रातचा घाम सुटतोय. ह्यो हळदीचा न्हाई.” कुणी ऐकेना. शेवटी मीच तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. टीबी निघाला.

रिपोर्ट ऐकून दगडू म्हणाला, “मशीन चुकलं आसंल.”

मी म्हटलं, “मशीन काय तुझं मेव्हणं हाय व्हय रं, तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला?”

त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. ही पोर वाचली पाहिजे. आणि तिच्या काखेतली परीही.

* * *

त्याच सुमाराला पुण्याच्या मॅडम आल्या. संशोधनवाल्या. समाजमंदिरात सगळ्यांना गोळा करून त्यांनी समजावून सांगितलं. टीबीचा जंतू हवेतून सगळ्यांच्याच अंगात जाऊ शकतो, पण सगळ्यांना आजार होत नाही. काही माणसांच्या शरीरात जन्मापासूनच एक बारीक फरक असतो, तो आईबापाकडून येतो आणि अशांना जंतू लवकर धरतो. तुमच्या समाजात तसा फरक आहे का, हे आम्हाला बघायचंय. आहे असं मी म्हणत नाही.

शेवटचं वाक्य त्या दोनदा बोलल्या. पण वस्तीनं ऐकलं ते एवढंच : आपल्या रक्तात टीबी आहे!

वस्तीत माझ्या तोंडाला सगळे भितात, म्हणून मॅडमनी घरोघर फिरायला मलाच बरोबर घेतलं. पहिलंच घर दगडूचं. मॅडमनी विचारलं, “तुमची बायको तुमच्या नात्यातली का?”

“व्हय. मामाची पोरगी.”

“आणि तुमची आई?”

“ती माझ्या बाच्या मामाची.”

“आणि मुलगी दिलीय ती...?”

“ही काय, आक्काच्यात.”

मॅडमचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे बाहेरचं कुणीच नाही?”

दगडू छाती काढून म्हणाला, “मॅडम, आमच्यात लग्नाला पाव्हणं बोलवावं लागत न्हाईत. समदी घरातलीच आसत्यात!”

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. म्हटलं, तो फरक का काय तो खरंच असला, तर फिरून फिरून आमच्याच घरात राहिला असणार.

* * *

रक्त द्यायला जे भ्यायले त्यांची थुंकी चालेल, असं मॅडम म्हणाल्या. नळी दिली, त्यात थुंकायचं. अट एकच, आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही.

आता आमच्या बायका म्हणजे उठल्यापासून दाताला मिश्री. चुलीपुढं मिश्री, नळावर मिश्री, भांडताना पण बोट दातावरच. पहिल्या दिवशीची सगळी सॅम्पल काळी! मॅडमबरोबरच्या मुलीनं नळ्या उजेडात धरल्या आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना रांगेत बसवलं. समोर उभी राहिले, हातात लाटणं.

“अर्धा तास. तोंडात काय बी घालायचं न्हाई. पाणी न्हाई, च्या न्हाई, मिश्री तर न्हाईच न्हाई.”

गंगूबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी. कळ काढून काढून तिचा जीव कासावीस झाला. शेवटी म्हणाली, “रखमे, तोंडात घालायचं न्हाई म्हनतीस. तोंडातनं काडायला परवानगी हाय न्हवं?”

“काय काडतीस?”

“शिव्या!”

* * *

हसणं तिथंच संपलं. पुढच्या आठवड्यात लोणंदचा फोन आला.

दगडूच्या धाकट्या पोरीची सोयरीक लोणंदला ठरली होती. सुपारी फुटली होती, हॉल बघितला होता. फोनवर नवरदेवाची आई दगडूला म्हणाली, “तुमच्या वस्तीवर सरकारनं रक्त तपासलं म्हनं. तुमच्या रक्तातच टीबी हाय म्हनं. आमी आमचं पोरगं आगीत घालू का?”

दगडू फोन हातात धरून दारातच बसला. त्याची धाकटी आत जाऊन बसली ती जेवायला बाहेर येईना. आणि सगळ्यांचे डोळे वळले कुणाकडं? सुनंदाकडं. एक जण म्हणाला, “हिच्यामुळं समाजाचं नाव गेलं.” दुसरी म्हणाली, “रखमीनंच आणली ती पुण्याची भवानी.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं लोणंदला गेले. एकटी. दारात उभी राहिले. विहीणबाईंनी पाणी दिलं, पण तांब्या हातात दिला नाही, लांब ठेवला. तेव्हा डोकं फिरलं माझं.

“माझी आजी आन तुमची आजी कोन एकमेकींच्या?”

ती पदर सावरायला लागली.

“सांगा की! सख्ख्या भयनी. एका पाटावर जेवलेल्या. तुमचं रक्त कुठनं आलं मग, अमेरिकेतनं? आमचं नासलं आसंल तर तुमचं काय दूध हाय व्हय?”

नवरदेव आतल्या दारात उभा होता. तो खाली बघून हसला. त्याची आई मात्र हसली नाही. म्हणाली, “आवं आक्का, खरं आसंल ते. म्हनूनच तर म्हनती. आमच्या घरात एक मुडदा पडलाय टीबीनं. दुसरा नको.”

मी आले होते भांडायला. त्या वाक्यापुढं मला भांडता येईना. तांब्या उचलला, पाणी प्याले, परत आले. सोयरीक मोडली ती मोडलीच.

* * *

इकडं गोळ्या चालू झाल्या होत्या. दवाखान्याचे टीबीचे सुपरवायझर माने सर, बारीक अंगाचे, मोटरसायकलवर येतात. त्यांनी सांगितलं, सहा महिने एक दिवस चुकवायचा नाही.

पहिल्याच दिवशी सुनंदा मोरीतून किंचाळत आली. “आत्या, रगात!”

लघवी तांबडी लाल. मी माने सरांना फोन लावला. ते म्हणाले, “घाबरू नका मावशी, गोळीचा रंग आहे. सगळ्यांनाच होतं.”

मला पटलं. वस्तीला पटलं नाही. वस्तीच्या डोक्यात रक्त बसलं होतं ना! गंगूबाईनं निकाल दिला, “नासकं रगात भायेर पडतंय. पडू द्या.” आणि दगडू रोज सकाळी दारात येऊन पोरीला विचारायचा, “आज कसं हाय? निवळलं का?” बाप होता. जीव तुटत होता त्याचा.

महिना-दीड महिन्यानं सुनंदाच्या अंगावर जरा मांस धरलं. खोकला कमी. एका सकाळी दगडू पेढ्यांचा बॉक्स घेऊन वस्तीभर फिरला. “निवळलं! माझ्या पोरीचं रगात निवळलं! पान्यासारखं झालं!”

लोकांनी पेढे खाल्ले. गंगूबाईनं दोन खाल्ले. मी पण हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले. लाल रंग गोळीचा. मग रंग गेला म्हणजे काय गेलं?

मी घरात गेले. सुनंदा परीला पाजत होती.

“गोळ्या कुठं हायत्या?”

“खाल्ल्या की.”

“सुनंदा, मी तुझी सासू हाय ते जाऊ दे. तुझ्या बाची भन हाय. खरं बोल.”

ती रडायला लागली. गोळीनं मळमळतं, बाबा म्हणाले रक्तातलंच आहे, जन्मभर थोडंच धुता येणार, बरं वाटतंय तर बास झालं. हळदीच्या रिकाम्या पोत्याखाली न खाल्लेली पाकिटं. मी बाहेर आले आणि दगडूच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स उकिरड्यावर फेकला.

“पोरीचं मरान वाटत फिरतोस व्हय रं गावभर!”

“आक्का, रक्तातलंच हाय तर गोळी काय करनार? मॅडमच म्हनल्या जन्माचं हाय!”

“मॅडम तसं म्हनल्या न्हाईत!”

“मग कसं म्हनल्या? सांग की तू!”

मला सांगता येईना. कळत होतं, पण जिभेवर येईना. माणसं जमली होती. तेवढ्यात आमचे मालक पुढं आले. सबंध खाणीत त्यांच्याएवढा दगड कुणाला कळत नाही. बोलतात कमी. ते म्हणाले, “दगडू, दगडात शीर आसती न्हवं?”

“आसती की, दाजी.”

“शीर आसलेला दगड लवकर फुटतो. पर जाग्यावर शंभर वर्सं पडला तरी आपसूक फुटतो का?”

“न्हाई.”

“घण लागतो. शीर जन्माची. घण भायेरचा. पोरगी गोळ्या खाईल.”

एवढं बोलून ते खोकले आणि आत गेले. सुनंदानं माझ्यासमोर गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी मोरीतून आली आणि म्हणाली, “आत्या, लाल!” इतका आनंद मला तिच्या लग्नात झाला नव्हता.

माने सरांना हे सांगितलं. ते खूप हसले. मग हसता हसता गंभीर झाले.

“तुमचे मालक बरोबर बोलले, मावशी. पण मग हिच्यावर घण कुणी घातला? तो माणूस अजून आसपासच असेल. आणि घरात बाळ आहे.”

* * *

आता शेवटचा. हा नळावर कुणी सांगत नाही.

माने सरांनी घरोघर जाऊन खोकणाऱ्यांची थुंकी घेतली. आमच्यात न खोकणारा सापडणं अवघड, त्यामुळं काम लय वाढलं. सगळ्यांनी दिली. एकाचीही टीबीची निघाली नाही. परीला जपायचं म्हणून वेगळ्या गोळ्या सुरू केल्या. आमचे मालक मात्र माने सरांची गाडी वाजली की मागच्या दारानं खाणीवर. मी विचारलं की म्हणायचे, “माझा दगडाचा हाय. जुना हाय.” जुना होताच. लग्न झालं तेव्हापासून मी त्या खोकल्यावर उठत आले.

एका सकाळी त्यांचा टॉवेल धुवायला घेतला. त्यावर लाल डाग. ते पान खात नाहीत.

मी टॉवेल त्यांच्यापुढं धरला. “ह्ये काय हाय?”

“दाढी करताना लागलं.”

“दाढी वाढलीया तुमची!”

त्यांनी टॉवेल ओढून घेतला. मग खाली बघून म्हणाले, “रखमा, लोक काय म्हनतील? सासऱ्यानं सुनंला दिलं. घरात आनून दिलं. दगडूला कसं तोंड दाखवू?”

“आन परीला काय दाखवनार?”

“मला दगडाचाच हाय.”

“आज माने सर येनार हायती बैठकीला. थुंकी द्या. न्हाईतर मी सांगीन.”

तेव्हा ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, “कशी सांगशील? नाव घेशील माझं? घे बगू.”

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सून सासऱ्याचं घेत नाही. रेशनला, दवाखान्यात, शाळेत कुणी विचारलं तर शेजारणीला पुढं करायची, ती सांगते. सासूनं मला सांगितलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मी शिव्या सगळ्यांना दिल्या, सरपंचाला दिल्या, पोलिसाला दिल्या. पण ते एक नाव कधी माझ्या ओठावर आलं नाही. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा मी रडून वेळ मारून नेली होती. त्यांना हे माहीत होतं.

दुपारी समाजमंदिरात बैठक बसली. लोणंदचं प्रकरण मिरजेतल्या पाव्हण्यांपर्यंत गेलं होतं, आणखी दोन सोयरिकी हलल्या होत्या. पंचमंडळी तापली होती. मॅडमना परत पाठवा म्हणाली. रक्त परत मागा म्हणाली! मॅडम म्हणाल्या, “कुणाच्या रक्तात काय निघालं ते मी कुणाचं नाव घेऊन सांगणार नाही. आणि तो फरक असला तरी दोष कुणाचाच नसतो.”

“कुनाचा तरी आसंलच की!” मागून आवाज आला. “रखमीच्या सुनंपासनं सुरू झालं!”

“सुनंदाला म्हायेरी धाडा!”

“म्हायेर तरी का घेईल? दगडूची दुसरी पोरगी घरात बसलीया तिच्यापायी!”

दगडू उठला. मला वाटलं, पोरीची बाजू घेईल. तो म्हणाला, “माझं बी चुकलं. माझंच रगात हाय ते.” आणि सगळ्यांसमोर रडायला लागला. सुनंदा खांबाला टेकून उभी होती. तिनं एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तिला माहीत होतं. किती दिवसांपासून माहीत होतं, देव जाणे. पण ती बोलणार कशी?

माने सर उभे राहिले. “भांडू नका. रक्तानं आजार लागत नाही, श्वासानं लागतो. या वस्तीतलं एक माणूस तपासायचं राहिलंय. मी नाव घेणार नाही, तो नियम आहे. त्यांनी आपणहून उठावं. औषधानं बरं होतं. कुणी काही म्हणणार नाही.”

कुणी उठलं नाही.

मालक खिडकीखाली बसले होते. मांडीवर परी. आजोबाशिवाय ती कुणाकडं राहत नाही. तिनं त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक ओढलं, तोंडात घातलं आणि चघळायला लागली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान बारीक हलवली. नको.

मी उठले.

“माने सर, ऱ्हायलेल्याचं नाव मी सांगती.”

गंगूबाईनं माझा पदर धरून खाली ओढलं. “रखमे, खाली बस! येडी झालीस का?”

मी पदर सोडवून घेतला.

“सांगा मावशी,” माने सर म्हणाले. “कुणाचं?”

“मारुती.”